यंत्राने सुचवलेले नाव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात लेखनाविषयी बोलायला संकोच वाटायचे कारण नाही. हा देवच मुळात लेखनिक. महाभारत लिहून घेण्याआधी गणपतीने व्यासांना अट घातली की सांगताना मध्ये थांबायचे नाही. आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. आज आपल्या हातातला फोन पहिली अट उत्तम पाळतो. तो थांबतच नाही. आपण दोन अक्षरे उमटवली की उरलेला शब्द तो स्वतःच पुढे करतो. दुसरी अट मात्र त्याला ठाऊक नाही. ती आपणच पाळायची आहे. ती कशी पाळायची, एवढाच माझा आजचा विषय.

फोनवर किंवा संगणकावर मराठी लिहायला लागले की दोन-चार शब्दांची एक यादी पडद्यावर येते. या सोयीला आपण शब्दपूर्ती म्हणू. पुष्कळ ठिकाणी यादीतला पहिला शब्द आधीच निवडलेला असतो. आपण स्पेस किंवा एंटर दाबले की तोच मजकुरात जाऊन बसतो. आपण काही न सांगता यंत्र जे धरून चालते, त्याला संगणकवाले डीफॉल्ट म्हणतात. आपल्याकडे पाहुण्याला चहा साखर घालूनच येतो. ज्याला साखर नको, त्याने आधी सांगायचे असते. साखर घालायची हे कधीतरी कुणीतरी ठरवलेले असते. पण ते कुणी ठरवले आहे असे आपल्याला वाटत नाही. डीफॉल्टची सारी ताकद यातच आहे.

दुसरा शब्द बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. नवे आणताना जुने मोडू द्यायचे नाही. स्वयंपाकघरात मिठाचा डबा वीस वर्षे एकाच फळीवर आहे. कुणी हौसेने नवी मांडणी केली आणि तिथे साखरेचा डबा ठेवला. मांडणी कितीही चांगली असली तरी हात सवयीने जुन्याच जागी जातो आणि आमटी गोड होते. शब्दपूर्ती करणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हे दोन प्रश्न कायम असतात. पहिला शब्द कोणता ठेवायचा? आणि तो नियम पुढे बदलावा लागला, तर जुन्या माणसांच्या सवयींचे आणि जुन्या मजकुराचे काय करायचे?

आता यात बिदर आणि कलबुरगीकडच्या मराठी घरांचा संबंध कुठे येतो? तो येतो आपल्या नावांत.

आपल्यापैकी बहुतेक जण मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरे टाइप करून. आता इंग्रजीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, न आणि ण यांना एकच, त आणि ट यांना एकच. तेव्हा तुम्ही एम, ए, एल, ए अशी चार अक्षरे टाइप केलीत, तर यंत्राने त्याचा अर्थ काय लावायचा? मला, माला, माळा की मळा? चारही शब्द बरोबर आहेत. यंत्र अंदाज करते, आणि तो अंदाज मोजणीवर असतो. त्याला शिकवण्यासाठी जो मजकूर दिला गेला, त्यात जो शब्द जास्त वेळा आला तो वर. ‘मला’ हा शब्द सगळ्यात जास्त येतो म्हणून तो पहिला. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही.

पण नावाला ही मोजणी लावली की पंचाईत होते. समजा एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुळकर्णी असे ळ घालून आडनाव लिहितात. यंत्र कुलकर्णी पुढे करणार, कारण ते जास्त आढळते. फोनमध्ये मराठीऐवजी हिंदी भाषा निवडलेली असेल, तर पाटील यांचे पाटिल होते. बिरादार आणि बिराजदार ही दोन्ही आडनावे आपल्या भागातली आणि दोन्ही स्वतंत्र. ‘बिरा’ एवढे लिहून घाईने पहिला शब्द घेतला, तर एका घरचे निमंत्रण दुसऱ्या घरच्या नावाने निघते. गावांचेही तसेच. औराद हा आपल्या बिदर जिल्ह्यातला तालुका, आणि औराद शहाजानी हे शेजारच्या लातूर जिल्ह्यातले गाव. औरादच्या पुढे यंत्राने शहाजानी सुचवले आणि आपण न पाहता घेतले, तर गाव, जिल्हा आणि राज्य, तिन्ही एका दमात बदलले.

सुधारता येण्याजोगी चूक असेल तर एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. पण यात एक चक्र आहे. जो शब्द पहिला दिसतो तो जास्त घेतला जातो. जास्त घेतला जातो म्हणून जास्त लिहिला जातो. आणि जास्त लिहिला जातो म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिला येतो. जो शब्द मागे पडला तो आणखी मागे पडत जातो. आपल्या घरातली बरीच मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी ती घरात बोलतात, आणि लिहितात ती बहुतेक फोनवरच. त्यांच्यापुढे मराठीचा गुरुजी म्हणून उभी असते ती ही यादी. यादीत जे पहिले ते शुद्ध, असे त्यांनी धरले तर त्यांना बोल कसा लावणार?

मग आपल्या भागातले शब्द आणि नावे यंत्राच्या मोजणीत मागे का? एक कारण आपल्याच कपाटात आहे. जुन्या स्मरणिका, सभासदांच्या याद्या, लग्नपत्रिका संगणकावर जुळवल्या गेल्या त्या काळात युनिकोडचा वापर रुळलेला नव्हता. आपल्याकडे मराठीसाठी श्रीलिपीसारखे प्रोग्रॅम होते, कन्नडसाठी नुडी आणि बरह होते. त्या काळच्या बऱ्याच फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे फक्त चित्र बसवलेले असे. छापून आले की छान मराठी दिसे. पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच होता. आज ती फाइल त्या फॉन्टशिवाय उघडा, वाचता येणार नाही. जे यंत्राला मराठी म्हणून ओळखूच येत नाही, ते त्याच्या मोजणीत कसे येणार? आपल्या गावांची, आडनावांची, आपल्याकडच्या बोलीतल्या शब्दांची वर्षानुवर्षांची पुंजी अशी बाहेरच राहिली.

युनिकोडने हा घोळ पुष्कळ मिटवला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक, अशी ही व्यवस्था. तिचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही, आणि एकदा दिलेले अधिकृत नावही बदलायचे नाही. एका चिन्हाच्या इंग्रजी नावात ब्रॅकेट या शब्दाच्या स्पेलिंगमधल्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली आहे. ती चूक सगळ्यांना माहीत आहे, तरी नाव तसेच ठेवले आहे. शेजारी दुरुस्तीची नोंद केली आहे. कारण त्या नावावर विसंबून कुठे कुठे काय उभे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

या नियमाचा मराठीला फायदा झाला आणि थोडा त्रासही. तुमच्या यादीतले वकील घ्या. त्यांच्या नावामागे आपण ॲड. लिहितो. या ॲ अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण आत एक अक्षर एका क्रमांकाचे, दुसरे दोन क्रमांकांचे. ही दोन रूपे एकच आहेत असे ज्या प्रोग्रॅमला शिकवलेले नाही, त्यात नव्या रीतीने ॲड. शोधले तर जुन्या यादीतले वकील सापडत नाहीत. माणसे तिथेच असतात, आणि यंत्र नाही म्हणते.

तसेच आपल्या ऱ्या या अक्षराचे. आचार्यांना बोलावले की विद्वान येतात आणि आचाऱ्यांना बोलावले की स्वयंपाक होतो. हा फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. शेतकऱ्यांना, दुसऱ्याला, वऱ्हाड, कऱ्हाड, असे हे अक्षर पावलोपावली लागते. युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी मुद्दाम चालू ठेवलेली आहे. जुना मजकूर बिघडू नये म्हणून ठेवलेली ही सवलत योग्यच होती. पण शब्दपूर्ती करणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही रूपे एक मानली नाहीत, तर यादीत एकच शब्द दोनदा दिसतो, किंवा लिहिलेला असूनही सुचत नाही. म्हणून शहाणा प्रोग्रॅम काय करतो? वाचताना दोन्ही रूपे ओळखतो, लिहिताना एकच वापरतो. हे एक वाक्य मला आजच्या भाषणातले सगळ्यात महत्त्वाचे वाटते. वाचताना दोन्ही, लिहिताना एक.

डीफॉल्ट बदलायचाच असेल तर कसा बदलावा, याचे एक चांगले उदाहरण सांगतो. १९७६ मध्ये अमेरिकेत बिल जॉय यांनी व्हीआय नावाचा लेखन-प्रोग्रॅम लिहिला. ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये त्याच धर्तीचा विम हा प्रोग्रॅम लोकांपुढे आणला. विममध्ये शब्दपूर्तीसह पुष्कळ नव्या सोयी होत्या. पण व्हीआयची सवय झालेल्या लोकांचे हात अडू नयेत म्हणून, ज्याने स्वतःच्या आवडीनिवडींची फाइल लिहिलेली नाही, त्याच्यापुढे विम जुन्या व्हीआयसारखाच वागे. त्यामुळे नवखा माणूस चांगल्या सोयींना मुकत असे. २०१६ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी तोडगा काढला. ज्याची स्वतःची फाइल नाही, त्याला नव्या सोयी आपोआप मिळतील. ज्याने आपली फाइल लिहिली आहे, त्याच्या घरातला डबा हलणार नाही. त्याला नवे हवे असेल तर त्याने एक ओळ लिहून ते मागून घ्यावे. यादी दाखव, पण मी सांगेपर्यंत कुठलाच शब्द आधी निवडून ठेवू नकोस, असे सांगायचीही सोय विममध्ये आहे. आज प्रोग्रॅम लिहिणारी आपली मुले व्हीएस कोड वापरतात. त्यात तर एंटरने सुचवलेला शब्द घ्यावा, घेऊ नये, किंवा त्याने मजकुरात खरोखर बदल होत असेल तरच घ्यावा, असे तीन पर्याय ठेवले आहेत. नव्याला चांगली सुरुवात, जुन्याला धक्का नाही, आणि बदलाची कळ प्रत्येकाच्या हातात.

आता हेच आपल्या शहराला लावून पाहू. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुरगी झाले. शब्दपूर्तीने आता काय सुचवावे? पत्ता लिहिताना कलबुरगी पहिले सुचले पाहिजे, हे उघड आहे. पण जुने नाव टाइप करणाऱ्याला ते सापडलेही पाहिजे, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या जन्मदाखल्यावर, गुणपत्रिकेवर गुलबर्गा हेच नाव आहे. आणि ‘सगळीकडे जुने काढून नवे घाला’ ही आज्ञा डोळे मिटून दिली तर काय होईल? १९८० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाने गुलबर्गा विद्यापीठ हे नाव शहराच्या नामांतरानंतरही राखले. ते आपण आपल्याच कागदावर बदलून टाकू. तसेच २०१९ मध्ये हैदराबाद कर्नाटकाचे कल्याण कर्नाटक झाले, पण हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटीचे नाव प्रदेशाच्या नावाबरोबर बदलले नाही. आणि कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांचे आडनाव तर नामांतराच्या कितीतरी आधीपासूनचे. प्रदेशाचे नाव, संस्थेचे नाव आणि माणसाचे नाव यांचे हिशेब वेगळे असतात. यंत्राला हा फरक आपोआप कळत नाही. तो लिहिणाऱ्याने पाहायचा असतो.

हे आपल्या भागाला नवे नाही. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचा भाग असलेले आपले जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि कचेरीची भाषा बदलली. आपल्या वाडवडिलांच्या कपाटात उर्दू कागद असतील, मोडी कागद असतील, पुढचे कन्नड कागद असतील. त्यांनी नवी भाषा शिकून घेतली आणि जुने कागद जपून ठेवले. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. वाचताना सगळे, लिहिताना एक, हे आपले आजी-आजोबा संगणक यायच्या आधीच करत होते.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. अवघड काही नाही.

पहिली गोष्ट घरातली. फोनच्या कीबोर्डमध्ये हिंदीऐवजी मराठी भाषा निवडा. शब्द सुचवण्याची सोय राहू द्या, पण न विचारता शब्द बदलण्याची सोय बंद करा. बहुतेक कीबोर्डांत स्वतःचा शब्दसंग्रह असतो. त्यात घरातल्यांची नावे, आडनाव, गाव, कुलदैवत हे सगळे आपण लिहितो तसे घालून ठेवा. एका रविवारी अर्ध्या तासाचे काम आहे. आजोबांनी सांगावे आणि नातवाने घालावे. दोघांचाही वेळ बरा जाईल.

दुसरी गोष्ट, ज्यांना पुष्कळ लिहायचे असते त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा. हा कीबोर्ड १९९१ च्या भारतीय मानकात आहे. त्यात ळला स्वतःची कळ आहे, णला स्वतःची आहे, म्हणून यंत्राला अंदाज करायची पाळीच येत नाही. आणि आपल्या भागासाठी त्यात एक खास सोय आहे. मराठी क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नड क आहे. एकदा बोटांना वळण लागले की दोन्ही भाषा लिहिता येतात. दोन भाषांत जगणाऱ्या घरांना याहून सोयीचे काय हवे?

तिसरी गोष्ट मंडळाची. सभासदांच्या यादीत प्रत्येकाचे नाव तो स्वतः सही करताना लिहितो तसे लिहावे, यंत्र सुचवते तसे नव्हे. शेजारी एक रकाना ठेवून त्यात जुनी किंवा इतर रूपे लिहावीत, म्हणजे कुणी कसेही शोधले तरी माणूस सापडेल. कन्नड अर्जावर नाव कसे लिहिले आहे तेही त्याच रकान्यात जाऊ द्या. कुठल्या कचेरीत दोन कागदांवर दोन नावे निघाली, तर तो रकाना निदान कुठे काय लिहिले आहे ते सांगेल.

चौथी गोष्ट जुन्या स्मरणिकांची. त्यांच्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. पण रूपांतर झाले की मूळ फाइल पुसू नये आणि छापील प्रत रद्दीत घालू नये. रूपांतरात ऱ्या, ॲ आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. जुन्या मंडळींपैकी कुणीतरी छापील प्रत हातात घेऊन ती तपासली पाहिजेत. कुठले आडनाव बरोबर आणि कुठले चुकले, हे गाव माहीत असलेल्या माणसालाच कळते. पुण्या-बंगळुरात बसलेल्या प्रोग्रॅमला ते कळणार नाही.

ही कामे आज केली तर दहा वर्षांनी आपली नातवंडे भालकी, हुमनाबाद, आळंद, बसवकल्याण ही नावे लिहायला लागतील तेव्हा यंत्र त्यांना बरोबर शब्द सुचवील, कारण बरोबर लिहिलेला मजकूर त्याला सापडलेला असेल. नाही केली तर यंत्राचे काही अडणार नाही. ते दुसऱ्या कुणाचा तरी शब्द पहिला ठेवील, आणि आपली मुले तोच आपला समजतील.

यंत्राचा राग करायचे कारण नाही. ते आपला वेळ वाचवते, शुद्धलेखनाची भीती घालवते, लिहायला उत्तेजन देते. त्याने सुचवावे. आपण वाचावे, आणि मग एंटर दाबावे. पत्रिका निघते ती आपल्या नावाने, आणि खाली सही असते ती आपली.



गणपती बाप्पा मोरया!